बोरखडीचं पाणी

दिल्लीची हवा बिघडायला लागली की आमच्या फरीदाबादच्या सोसायटीत माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. मी कोळशात नोकरी केली, एवढंच बहुतेकांना ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात लिफ्टमध्ये शेजारच्या चढ्ढा आंटी मास्क सारखा करत म्हणाल्या, "ये सब आप ही लोगों का किया-धरा है, मिसेस गजभिये."

मी म्हटलं, "आंटी, मैं कोयला निकालती नहीं थी. निकालने से क्या टूटता है, वो देखती थी."

"तो फिर ठीक क्यों नहीं किया?" एवढं विचारून त्या आपल्या मजल्यावर उतरून गेल्या.

प्रश्न रास्त होता. पण उत्तर लिफ्टमध्ये मावणारं नव्हतं, म्हणून इथे देते आहे.

मी भूजलशास्त्र शिकले. जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठे जातं, कशामुळे अडतं, याचा अभ्यास. नागपूरहून दिल्लीत आले, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार मांडला आणि नोकरीची बहुतेक वर्षं भूमिगत कोळसाखाणींच्या पर्यावरण पाहणीत घालवली. उघडी खाण काय करते ते कोणालाही दिसतं. डोंगराएवढे मातीचे ढीग, धूळ, सुरुंग. भूमिगत खाण मात्र दिसायला फार सभ्य. वर तूर उभी असते, गुरं चरत असतात, आणि शे-दोनशे मीटर खाली माणसं काम करत असतात. म्हणून दिल्लीतल्या बैठकांमध्ये भूमिगत खाणीची फाइल आली की सगळे जरा सैल बसायचे. मी सैल बसू शकत नसे, कारण मी बोरखडी पाहिली होती.

बोरखडी हे गावाचं खरं नाव नाही. नागपूरच्या उत्तरेला, संत्र्याच्या पट्ट्यात असलेलं एक लहान गाव, एवढं पुरे. गावाच्या कडेला खाणीचं तोंड होतं, आणि खालचे बोगदे पार शेतांखालून गेले होते. तिथून तक्रार आली होती की विहिरी आटल्या आणि शेताला भेग पडली. मी पाहणीला गेले, तेव्हा खाणीचे मॅनेजर तिवारी मला घ्यायला आले होते. मूळचे धनबादकडचे, सगळं आयुष्य कोळशात काढलेले, आवाज मोठा आणि मन साफ.

"मैडम, आप ऊपर-ऊपर देख लीजिए," ते म्हणाले. "नीचे का मैं बता देता हूँ."

त्या काळी बाईला जमिनीखाली नोकरी द्यायला कायद्यानं मनाई होती. पाहणीला जाण्याची गोष्ट वेगळी, पण हा फरक प्रत्येक खाणीवर नव्यानं समजावून सांगावा लागे. मी समजावला. तिवारींनी सुस्कारा सोडून माझ्या मापाचे बूट मागवले. ते मिळाले नाहीत. मोठ्या बुटांत चिंध्या कोंबून मी खाली गेले.

खाली काय चालतं ते साध्या शब्दांत सांगते. कोळशाचा थर जमिनीत आडवा पसरलेला असतो. त्यात उभे-आडवे बोगदे खणतात आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. त्या खांबांवर छत उभं असतं. सगळा थर असा खणून झाला की शेवटी त्या खांबांतला कोळसाही काढून घेतात. टोकाकडून सुरुवात करून मागे मागे सरकत येतात आणि मोकळं झालेलं छत मुद्दाम कोसळू देतात. खाली छत बसलं की काही काळानं वरची जमीन बसते. शेतात खळगा पडतो, भेगा जातात. ही झाली एक गोष्ट. दुसरी पाण्याची. खाण भोवतालच्या सगळ्या विहिरींपेक्षा खोल, त्यामुळे आसपासचं पाणी तिच्याकडे धावतं. खालची माणसं बुडू नयेत म्हणून पंप दिवसरात्र चालू ठेवावे लागतात. गावाच्या विहिरींत जे पाणी राहायचं, ते असं खाणीतून उपसलं जाऊन काळं होऊन ओढ्यात जातं.

बोरखडीत दोन्ही झालं होतं. वर आल्यावर मी भेग पाहायला गेले. कलाबाईच्या शेतात, विहिरीच्या अगदी कडेनं ती गेली होती. कलाबाई बांधावर उभीच होती. उंच, हाडापेरानं मजबूत, नवरा वारल्यापासून शेती एकटीनं करणारी. पुढे ती गावची सरपंच झाली, पण तेव्हा फक्त भांडखोर म्हणून प्रसिद्ध होती.

"तुमी दिल्लीच्या का?" तिनं विचारलं.

"दिल्लीत असते. माहेर नागपूर."

"मंग तुमाले समजन. हे पाहा." तिनं विहिरीत दगड टाकला. पाण्याचा आवाज आला नाही, खडकावर आपटल्याचा आला. "आता सांगा, मी कोनाले विचारू?"

तिवारी म्हणाले की कंपनी भेग मातीनं बुजवून देईल. कलाबाई म्हणाली, "भेग बुजवान. पानी कसं बुजवान?" वाक्य तसं अर्थाला धरून नव्हतं, पण तिवारी विहिरीत वाकून पाहू लागले.

मी दिल्लीत परत येऊन जे सुचवलं ते काही नवलाचं नव्हतं. खाणीतून उपसलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही. टाक्यांत निवळवायचं, गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि नळानं गावाला पोचवायचं. पाणी तपासून घेतलं होतं. जड होतं, लोह थोडं जास्त होतं, पण विषारी नव्हतं. कंपनीनं फार खळखळ न करता मान्य केलं. अडून बसलं ते गाव.

"ते मेलेलं पानी हाये," कलाबाई म्हणाली. "उजेड न पाह्यलेलं. आमी नाही पेनार."

मी तपासणीचे आकडे वाचून दाखवले. तिनं शांतपणे ऐकले आणि विचारलं, "साहेबाच्या बंगल्यात कोनतं पानी येते?"

तिवारींच्या बंगल्यात आणि कॉलनीत वेगळ्या बोअरचं पाणी येत होतं. ते ऐकून ती हसली, आणि गावातल्या बायका तिच्याबरोबर हसल्या. त्यानंतर आकड्यांना काही अर्थच उरला नाही.

म्हणून मी अट घातली. गाव, कॉलनी, कॅन्टीन आणि मॅनेजरचा बंगला, सगळ्यांना एकाच टाकीचं पाणी. दिल्लीच्या बैठकीत ही अट वाचली तेव्हा समितीतले एक ज्येष्ठ सदस्य चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, मॅनेजरच्या बायकोनं कुठल्या पाण्याचा चहा करायचा, हेही आता आपण ठरवायचं?"

सगळे हसले. मी म्हटलं, "हो सर. नाही तर गाव पिणार नाही, आणि आपण बांधलेली टाकी फक्त फोटोत दिसेल."

वाद रंगला असता, पण तेवढ्यात जेवण आल्याची वर्दी आली आणि अट मंजूर झाली. पुढे कितीतरी वर्षं ऑफिसात मला 'बंगलेवाली मॅडम' म्हणत. मला त्याचा राग कधी आला नाही. मिसेस तिवारींना मात्र माझा राग आला असावा. चहाला चव येत नाही असा निरोप त्यांनी तिवारींकरवी दोनदा पाठवला. पण बंगल्याच्या नळाला ते पाणी आलेलं कलाबाईनं स्वतः जाऊन पाहिलं, ओंजळीनं चाखलं, आणि त्या आठवड्यात गावात नळाखाली हंडे लागले.

खाली पोकळी भरण्याचं प्रकरण याहून अवघड होतं. गावाच्या वस्तीखालचे खांब काढायचेच नाहीत, हे ठरलं. शेतांखालचे काढायचे असतील तर मोकळी झालेली जागा भरून घ्यायची, म्हणजे वरची जमीन बसणार नाही. भरायला वाळू लागते. ती पाण्याबरोबर पाइपानं आत सोडतात. कागदावर हे फार छान दिसतं. पण वाळू येणार कुठून? जवळच्या नदीतून. मी नदीवर गेले, तर पात्राला खड्डेच खड्डे पडलेले. एका गावाची जमीन खचू नये म्हणून आम्ही दुसऱ्या गावाची नदी खरवडत होतो.

मग औष्णिक वीज केंद्राची राख वापरून पाहायचं ठरलं. तिचे ढीग तसेही तिथे पडून उडत होते. पहिल्या प्रयोगात राखेतलं पाणी निथरेचना. लगदा फुगत गेला, आडोशाला घातलेला बांध फुटला आणि करडा चिखल बोगद्यात पसरला. माणसं आधीच बाजूला घेतली होती म्हणून कोणाला काही झालं नाही. दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला.

"मैडम," तिवारींचा आवाज, "आपकी राख हमने सिर से पाँव तक पहन ली है. अब बताइए, आगे क्या?"

मला वाटलं आता ते हा नाद सोडून देणार. पण चिडलेला खाण इंजिनिअर फार कामाचा असतो. त्यांनी राखेत खडीचा चुरा मिसळून पाहिला, पाण्याचं प्रमाण बदललं, बांधाला निचऱ्याची जाळी लावली. काही महिन्यांनी पोकळी घट्ट भरली. नदीतली वाळू पूर्ण थांबली नाही, पण पुष्कळ कमी झाली. ती भरलेली जागा दाखवायला तिवारींनी मला मुद्दाम खाली नेलं. टॉर्चच्या उजेडात एक करडी भिंत, दुसरं काहीच नाही. तिवारी तिच्याकडे असे बघत होते की जणू मुलीचं लग्न लावून दिलंय.

यानंतर बरीच वर्षं बोरखडीची तक्रार आली नाही. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात. निवळलेलं पाणी पिऊन उरायचं, ते शेतात जाऊ लागलं. कलाबाईनं संत्र्याची झाडं लावली. पहिला बहार आला तेव्हा तिनं नागपूरच्या माझ्या भावाकडे टोपलीभर संत्री पोचवली. सरकारी पाहणीमुळे मला असली भेट घेता येत नाही असं त्यानं तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याइले नाही देत, तुमाले देऊन राहिली."

आणि मग खाणीतला कोळसा संपला.

खाण संपली की ती बंद करायची असते. रूळ, यंत्रं काढायची, तोंडं बुजवायची, पंप थांबवायचे. पर्यावरणवाल्यांनी याचा आनंद मानावा अशी अपेक्षा असते. पण पंप थांबले की बोरखडीचा नळ थांबणार होता. गावानं हरकत घेतली, आणि बंद करण्याच्या योजनेवरच्या बैठकीला कलाबाई, आता सरपंच, दिल्लीला आली.

बैठकीआधी कोणत्याही बाजूच्या माणसाला घरी बोलवायचं नाही, असा माझा नियम होता. त्यामुळे ती कुठे उतरली आहे हेही मला माहीत नव्हतं. बैठकीच्या सकाळी ती दारातून आत आली ती तिवारींच्या बरोबर. ते निवृत्त झाले होते, पण कंपनीनं सल्लागार म्हणून बोलावलं होतं. दोघं एकाच गाडीनं आले होते आणि पहाडगंजच्या एकाच हॉटेलात उतरले होते.

"साथ ले आया," तिवारी हळूच म्हणाले. "अकेली आतीं तो नागपुर स्टेशन पर ही किसी से लड़ पड़तीं."

"यायनं गाडीत माह्या डब्यातला ठेचा खाल्ला," कलाबाई मला म्हणाली. "डोळ्यातून पानी आलं, पन सोडला नाही." मग दोघं टेबलाच्या समोरासमोरच्या बाजूंना जाऊन बसले.

कलाबाई नागपुरी हिंदीत बोलली. पंप बंद करू नका, एवढंच तिचं म्हणणं. एका सदस्यानं मला विचारलं, "मॅडम, पंपांमुळे विहिरी आटल्या, असं तुम्हीच लिहिलं होतं. आता पंप चालू ठेवा म्हणायचं का?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. पंप चालू राहिले तर विहिरी कधीच भरल्या नसत्या, आणि इतक्या खोलातून कायमचं पाणी खेचायला लागणारी वीज शेवटी कोळशातूनच येणार होती. पंप थांबले की रिकामे बोगदे पाण्यानं भरत येणार, भोवतालचं पाणी वर चढणार, विहिरींना पाझर फुटणार. किती काळानं, हे मात्र छातीठोक सांगता येत नव्हतं. शेजारी दुसरी चालू खाण होती. पाणी बेसुमार चढलं तर मधली कोळशाची भिंत फोडून तिकडच्या माणसांवर जाण्याचा धोका होता. म्हणून मी मधला मार्ग मांडला. खोलवरचे पंप थांबवायचे, पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढू द्यायचं, आणि हवेसाठी खणलेल्या जुन्या उभ्या विवरात नवा पंप बसवून तिथून गावाला पाणी द्यायचं. पाणी त्या पातळीच्या वर जाऊ द्यायचं नाही. जुनी खाणच गावाची टाकी होईल. तिवारींनी आपल्या कंपनीच्या माणसांकडे न बघता "बिल्कुल हो सकता है" म्हटलं.

कलाबाईनं विचारलं, "और तब तक?"

"टँकर," अध्यक्ष म्हणाले.

"झाड़ को भी टँकर दोगे?"

टँकर पिण्यासाठी होता. झाडांची तरतूद कुठल्याच नियमात बसत नव्हती. मी ती घालण्याचा प्रयत्न केला, अध्यक्षांनी नम्रपणे बाजूला ठेवला. बाकी योजना मंजूर झाली.

बैठक संपली, नियम संपला, आणि मी कलाबाईला घरी जेवायला नेलं. डिसेंबरची थंडी होती, तिच्या अंगावर पातळ शाल. मी माझा स्वेटर दिला, तो तिनं साडीवर उलटाच घातला. आम्ही पोचलो तेव्हा पाणी यायची वेळ झाली होती आणि माझी मुलगी बादल्या भरत होती.

"तुमच्या इथं बी टायमावरच येते?" कलाबाईनं विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ."

"दिल्लीत?" ती बादल्यांकडे बघत राहिली. मग मुलीला काहीतरी बोलली. दिल्लीत वाढलेली माझी लेक माझ्याकडे वळून म्हणाली, "मम्मी, ये कौन सी लैंग्वेज है?"

"बेटा, मराठीच बोल रही मैं," कलाबाई म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

जेवताना ती म्हणाली, "बाई, एक सांगू? तवा तुमीच नळ लावला. आमी नाही म्हनत होतो. नळ नसता लागला तं मी झाडं लावलीच नसती. कपाशी घेतली असती."

"खरं आहे," मी म्हटलं. "पण पंप कायमचे ठेवले तर तुझ्या गावच्या विहिरी कधीच परत येणार नाहीत."

"माही विहीर येईन का?"

मी तिला पुसटसंही खोटं सांगू शकत नव्हते. "तुझी सांगता येत नाही. भेग खाली तिरपी होऊन तिच्या बुडातून गेली आहे. तिथे आलेलं पाणी खाली निघून जाईल. दुसऱ्यांच्या भरतील."

तिनं भाताचा घास खाल्ला. "बरं झालं सांगितलं," म्हणाली. रात्रीची गाडी होती. स्वेटर तिनं परत केला नाही आणि मी मागितला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी बोरखडीला गेले, कामासाठीच. टँकर येत होते, वेळेवर येत होते, कंपनीनं शब्द पाळला होता. संत्र्याची झाडं उभ्यानं वाळली होती. कलाबाईनं निम्मी तोडून बांधावर रचली होती. तिनं मला पाणी दिलं. गुळाचा खडाही दिला. परतीच्या गाडीत मात्र मला झोप लागली नाही. आमचं गणित बरोबर होतं, याची मला तेव्हाही खात्री होती, आजही आहे. पण बरोबर गणितातही कोणाची तरी झाडं जातात, आणि जाणारी झाडं नेमकी कोणाची हे गणितात लिहिलेलं नसतं.

पाणी चढलं. अपेक्षेपेक्षा जरा सावकाश. नव्या पंपाचं पहिलं पाणी गंजासारखं तांबडं आलं, गावानं शिव्या घातल्या, मग ते निवळलं. गावाच्या पूर्वेकडच्या विहिरींना दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाझर फुटला. तिवारींनी मला फोन करून ही बातमी दिली, आणि शेवटी म्हणाले, "कलाबाई की नहीं भरी, मैडम." ते स्वतः विहिरीत वाकून पाहून आले होते. पुढच्याच वर्षी तिवारी गेले. बोरखडीतून काही माणसं धनबादला जाऊन आली असं ऐकलं. मॅनेजरच्या तेराव्याला इतक्या लांबून गाव गेलं, ही गोष्ट मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

मी निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, फरीदाबादला आले. गेल्या वर्षी भावाच्या नातवाच्या बारशाला नागपूरला गेले होते, तेव्हा कलाबाईचा निरोप आला: दोन दिवस येऊन जा. गेले. ती वाकली आहे, पण आवाज तोच. चहा झाल्यावर तिनं मला शेतात नेलं.

"आता तुमी रिटायर झाल्या," ती म्हणाली. "आता ना कंपनी, ना सरकार. सांगा, नवी विहीर कुठं खोदू?"

सगळी नोकरी मी 'थांबा', 'कमी करा', 'इथे नको', 'अजून खोल नको' हेच लिहीत आले. कुठे खोदू, असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं आणि खोदा, असं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी दोन दिवस त्या शेतात फिरले. बुजवलेल्या भेगेची ओळ चालून पाहिली, शेजारच्या विहिरींत वाकले, ओढ्याच्या कापात उघडा पडलेला वाळूचा दगड पाहिला. थर कुठे उतरतो आहे, भेगेपासून किती दूर जायला हवं, खालचे बोगदे कुठे संपले होते, हे सगळं मनाशी मांडलं. मग शेताच्या वरच्या कोपऱ्यात, एका मोडक्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले आणि टाचेनं मातीत फुली काढली.

"इथे खोद. पण फार खोल जाऊ नकोस."

कलाबाईनं त्या फुलीवर एक दगड ठेवला आणि दगडाला नमस्कार केला. मला हसू आलं, पण मीही वाकले.

संक्रांतीच्या सुमारास तिचा फोन आला. ती फोनवर नेहमीच ओरडून बोलते. "बाई, लागलं! लय नाही. चार वाफे भिजतीन एवढंच हाये."

"पाणी कसं आहे?"

"गोड," ती म्हणाली. "आन मी तुमचं ऐकलं बरं का. फार खोल नाही गेली."